बाप्तिस्म्यानंतरची पानं

1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या मुली अन्नान्न करत मरत असल्याच्या बातम्या पुण्यात येऊ लागल्या, तेव्हा पंडिता रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना सोबत घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं ते या मुलींमुळे. हा इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो. त्याच सुमारास रमाबाईंनी आणखी एक काम केलं, त्याची आठवण कमी जणांना असते. वीसेक वर्षांपूर्वी दक्षिणेत आपल्या कुटुंबावर ओढवलेल्या दुष्काळाची हकिगत त्यांनी लिहून प्रसिद्ध केली. वडील अनंतशास्त्री गेले, मग आई गेली, मग थोरली बहीण. दागिने, भांडी, विकण्याजोगं सगळं विकून झालं होतं. शास्त्र्यांच्या घरातली माणसं, त्यामुळे मजुरीची सवय नाही आणि भीक मागायची लाज. उरलेली दोन भावंडं पायी गावोगाव हिंडत राहिली. विधवांसाठी शारदा सदन चालवणाऱ्या, अमेरिकेत व्याख्यानं देऊन आलेल्या, नाव झालेल्या बाईला हे पुन्हा उगाळायची काही गरज नव्हती. तरी त्यांनी ते लिहिलं, कारण समोर आलेल्या मुलींच्या डोळ्यांत काय आहे ते त्यांना ओळखू येत होतं, आणि मदत करणाऱ्यांनाही ते ओळखू यावं असं त्यांना वाटत होतं.

आपण भोगलेलं चारचौघांत मांडायचं, त्यात ख्रिस्तानं कुठे हात दिला ते सांगायचं, आणि ऐकणाऱ्याला ‘माझंही निभावेल’ असं वाटू द्यायचं, याला मराठी मंडळ्यांमध्ये साक्ष देणं म्हणतात. हे पुस्तक अशा साक्षींचा संग्रह आहे. अहिल्यानगर, जालना, वसई, मुंबई, कोल्हापूर या भागांतल्या मराठी ख्रिस्ती माणसांनी सांगितलेल्या, आणि क्वचित स्वतः लिहिलेल्या.

ज्यांचा चर्चशी संबंध नाही अशा वाचकांसाठी थोडं सविस्तर सांगायला हवं. उपासनेत, किंवा बुधवार-शुक्रवारच्या घरसभेत, गीत झाल्यावर पाळक विचारतात, कुणाला साक्ष द्यायची आहे का? मागच्या बाकावरून कुणीतरी उठतं. आजारपण, नोकरी जाणं, नवऱ्याची दारू, मुलाचा अपघात, बँकेचं कर्ज. मग प्रार्थना, मग सुटका. शेवटी ‘प्रभूची स्तुती असो’, आणि सगळ्यांचं ‘आमेन’. पाच मिनिटांचा कार्यक्रम असतो. पण आमच्या मंडळ्यांमधली कितीतरी माणसं धर्मशिक्षणाच्या पुस्तकांपेक्षा या पाच मिनिटांवर तगली आहेत, असं मी खात्रीनं म्हणेन. प्रवचन विसरतं. शेजारच्या बाईनं किमोथेरपीच्या दिवसांत काय केलं ते विसरत नाही.

दोष आहे तो साच्याचा. मी असा होतो, मग प्रभू भेटला, आता मी असा आहे. या तीन पायऱ्यांत न बसणारं सगळं बोलणाराच गाळून टाकतो. लग्नासाठीच्या बायोडेटात जसा गॅप कुणी दाखवत नाही, तसं. आणि ज्याचं दुखणं अजून चालूच आहे, तो मुळी उठतच नाही. पाच वर्षं नैराश्याच्या गोळ्या घेणारी मुलगी बाकावर बसून इतरांच्या सुटकेच्या गोष्टी ऐकते आणि घरी जाताना तिला वाटतं, आपलीच श्रद्धा कमी पडते. आशा द्यायला सांगितलेल्या गोष्टीनं तिच्याजवळची थोडीशी आशाही काढून घेतलेली असते. या संग्रहामागचा सगळा खटाटोप या मुलीसाठी आहे, आणि माझं म्हणणं असं की या परंपरेचं मूळ पाहिलं तर ती मुलगीच तिच्या मध्यभागी बसलेली दिसते. साचा मागाहून आला.

मूळ म्हणजे अर्थात बायबल. मार्ककृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात थडग्यांमध्ये राहणारा, साखळदंड तोडणारा, स्वतःला दगडांनी ठेचून घेणारा माणूस आहे. तो बरा झाल्यावर येशूबरोबर यायला निघतो, तर येशू त्याला परत पाठवतो: घरी जा, आपल्या माणसांना सांग. पहिली साक्ष ही अशी घरच्यांपुढची आहे, ज्यांनी त्याचं सगळं पाहिलेलं होतं. योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्री भर दुपारी पाण्याला येते आणि पाण्याचं भांडं तिथेच टाकून गावात धावते. आपण केलेलं सगळं सांगणारा माणूस भेटला, एवढाच तिचा निरोप असतो, आणि तोच मसीहा असेल का, हेही ती प्रश्न म्हणूनच विचारते. पौल करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीलाच सांगतो की आपल्याला जे सांत्वन मिळालं ते संकटातल्या इतरांचं सांत्वन करण्यासाठी. साक्षीचं सगळं तत्त्वज्ञान या एका वाक्यात आहे म्हटलं तरी चालेल. पण त्याच पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल आपल्या शरीरातल्या काट्याबद्दलही सांगतो. तो निघावा म्हणून त्यानं तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही. हा मजकूर पौलानं गाळला नाही, आणि ज्यांनी ते पत्र जपलं त्यांनीही गाळला नाही.

स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रं इतर कुठल्याही प्रकारापेक्षा जास्त आहेत. त्यातली बहुतेक शेवटी स्तुतीकडे वळतात. अठ्ठ्याऐंशीवं वळत नाही. ते अंधारातच थांबतं. उपासनेत हे स्तोत्र फारसं कुणी वाचायला घेत नाही, पण हजारो वर्षांत कुणी ते फाडून टाकलेलंही नाही.

पुस्तक म्हणून साक्षीचा आरंभ संत ऑगस्टीनपासून धरतात. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो गावच्या या बिशपनं चौथ्या शतकाच्या अखेरीस ‘कन्फेशन्स’ लिहायला घेतलं. नासपतीची फळं चोरल्याची गोष्ट, आई मोनिका, बागेतला बदल, बाप्तिस्मा, आईचा मृत्यू. इथे नवव्या भागाशी गोष्ट संपायला हरकत नव्हती. आपल्याकडे संपलीच असती. पण ऑगस्टीन दहावा भाग लिहितो आणि त्यात बिशप असलेल्या आजच्या स्वतःची झडती घेतो: स्वप्नांत येणारी वासना, जेवणाचा मोह, लोकांनी केलेल्या स्तुतीची चटक. बाप्तिस्म्यानंतर दहा-बारा वर्षांनीही आपण कुठे अडखळतो हे एका बिशपनं आपल्याच लोकांपुढे ठेवणं ही त्या काळातली केवढी जोखीम असेल! पुढे या पुस्तकाची नक्कल करणाऱ्यांनी बहुतेक पहिले नऊ भागच उचलले, असं मला नेहमी वाटतं.

साचा कसा पडला, याचा एक धागा थेट आपल्या नगरपर्यंत येतो. सतराव्या शतकात इंग्लंडहून मॅसॅच्युसेट्सला गेलेल्या प्युरिटन मंडळ्यांनी सभासद होण्यासाठी एक अट घातली: देवानं तुझ्या अंतःकरणात काय काम केलं ते मंडळीपुढे सांग. केंब्रिज गावचे पाळक थॉमस शेपर्ड यांनी असे जबाब वहीत टिपून ठेवले होते, ते आजही वाचायला मिळतात. पहिल्या पिढीचे जबाब अडखळते आहेत, कुणी तर आपल्याला खात्री नाही असंच सांगून थांबतं. पण सभासदत्व ज्यावर अवलंबून, ते बोलणं लवकरच घोटून तयार होतं. याच न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल मंडळ्यांनी 1810 साली परदेशी मिशनसाठी अमेरिकन बोर्ड स्थापलं, त्याचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 साली मुंबईत उतरले, आणि 1831 साली बोर्डाचं काम अहमदनगरला पोचलं. 1842 साली तिथेच ‘ज्ञानोदय’ सुरू झालं. बोस्टनहून आलेल्या मिशनऱ्यांच्या सामानात छापखाना होता, औषधं होती, आणि साक्ष कशी असावी याची एक ठरलेली कल्पनाही होती.

त्याआधी, अठराव्या शतकात, युरोपात वेगळे प्रयोग चालले होते. जर्मनीतल्या हेर्नहुटच्या मोरेव्हियन मंडळीत प्रत्येक सभासदानं आपली जीवनकथा लिहून ठेवायची आणि ती त्याच्या अंत्यविधीत वाचायची, असा प्रघात पडला. मोलकरीण, सुतार, मिशनरी, सगळ्यांच्याच कथा. सामान्य माणसाच्या आयुष्याला एवढा मान त्या शतकात दुसरीकडे क्वचितच मिळाला असेल. मोरेव्हियनांचा प्रभाव पडलेले जॉन वेस्ली 24 मे 1738च्या संध्याकाळी लंडनच्या एका सभेत आपलं हृदय चमत्कारिकरीत्या ऊबदार झाल्याचं लिहितात, आणि मेथडिस्ट मंडळ्या अजूनही तो दिवस पाळतात. पुढच्या जानेवारीत त्याच वेस्लींनी आपण ख्रिस्ती नाही असं दैनंदिनीत नोंदवलं आहे. तो दिवस कुणी पाळत नाही.

इंग्लंडमधल्या ऑल्नी या लहानशा गावातल्या दोन मित्रांवर मात्र थोडं रेंगाळतो, कारण साक्षीचं सामर्थ्य आणि तिची मर्यादा दोन्ही त्यांच्यात दिसतात. जॉन न्यूटन गुलामांच्या जहाजावरचा खलाशी. 1748 साली वादळात जहाज बुडता बुडता वाचलं आणि तो देवाकडे वळला. 1764 साली त्याची आत्मकथा छापून आली, ती घरोघर वाचली गेली. ‘अमेझिंग ग्रेस’ लिहिणारा म्हणून आपण त्याला ओळखतो. पण वादळानंतरही काही वर्षं तो गुलामांचा व्यापार करतच होता, आता कप्तान म्हणून, आणि 1764च्या आत्मकथेला त्या व्यापाराची फारशी टोचणी नाही. ती आली 1788 साली. वादळाला चाळीस वर्षं झाल्यावर त्यानं गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पुस्तिका लिहिली आणि आपण काय काय केलं ते उघड केलं. माझ्या लेखी न्यूटनची खरी साक्ष ही दुसरी.

त्याचा मित्र कवी विल्यम कूपर. 1763 साली एका सरकारी नेमणुकीसाठी उमरावांच्या सभागृहापुढे परीक्षेला उभं राहायच्या धास्तीनं तो इतका खचला की त्यानं जीव द्यायचा प्रयत्न केला. सेंट ऑल्बन्सच्या डॉ. कॉटन यांच्या वेड्यांच्या इस्पितळात तो बरा झाला, तिथेच त्याला श्रद्धा सापडली, आणि बाहेर आल्यावर त्यानं ही सगळी हकिगत, आत्महत्येच्या प्रयत्नासकट, लिहून काढली. साच्यात चपखल बसणारी गोष्ट. पण 1773 साली आजार उलटला. आपल्याला देवानं कायमचं टाकलं आहे या समजुतीतून कूपर 1800 साली मरेपर्यंत पुरता बाहेर आला नाही. न्यूटननं त्याला सोडलं नाही, महिनोनमहिने आपल्या घरी ठेवून घेतलं. आणि कूपरची गीतं? ती दीडशे-दोनशे वर्षं दुःखी माणसांच्या तोंडी राहिली. स्वतःची आशा हरवून बसलेल्या माणसानं इतरांना आशा दिली, हे कुठल्याच साच्यात बसत नाही. ज्या मंडळीत आज कुणी ‘ख्रिस्ती माणसाला डिप्रेशन येतंच कसं?’ असं विचारतं, तिथे मी कूपरचं नाव काढतो.

आता मराठीकडे. इथे साक्ष जहाजातून उतरली, पण मोकळ्या माळावर उतरली नाही. सतराव्या शतकात तुकारामांनी आपलं दिवाळं, दुष्काळात गेलेली बायको, लोकांत झालेली छी-थू हे सगळं अभंगांत सांगितलेलं होतं. त्यांच्या शिष्या बहिणाबाईंनी नवऱ्याची मारहाण आणि गुराढोरांवरची माया सांगत अभंगांतून आत्मचरित्रच उभं केलं. चोखोबांनी देवळाबाहेर उभं राहून देवाला जाब विचारला. आपलं दुःख देवापुढे आणि लोकांपुढे एकाच वेळी मांडायची रीत मराठी कानाला ओळखीची होती. म्हणून नारायण वामन टिळक, जे 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले, ते आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगत. त्यांनी ख्रिस्तासाठी अभंग लिहिले, आणि अहमदनगरच्या कृष्णराव सांगळे यांनी कीर्तन उभं केलं. टाळ-चिपळ्यांसह सांगितलेली साक्ष ही मराठी मंडळीची स्वतःची कमाई आहे.

छापील साक्षींमध्ये बाबा पदमनजींचं ‘अरुणोदय’ (1888) महत्त्वाचं. मराठीतल्या आरंभीच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते. ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांच्या दुःखाला तोंड फोडणाऱ्या लेखकाचं हे पुस्तक, साहजिकच लिहिलेलं नेटकं आहे. पण त्याचा सगळा भर 1854च्या बाप्तिस्म्यापर्यंतच्या प्रवासावर आहे. पहाट झाली, गोष्ट संपली. त्यांच्याआधी ख्रिस्ती झालेले काशीचे नीळकंठशास्त्री गोऱ्हे, म्हणजे नेहेम्या गोरे, यांच्या शंकांनी मात्र आयुष्यभर त्यांचा पिच्छा पुरवला, आणि तरी रमाबाईंसारखी बुद्धिमान बाई आपले प्रश्न घेऊन त्यांच्याकडेच गेली. शंका असलेल्या माणसाशी बोलणं तिला सोपं वाटलं असावं.

रमाबाईंची पूर्ण साक्ष 1907 साली मुक्तीतून प्रसिद्ध झाली. त्याआधी दोनच वर्षं, 1905 साली, मुक्तीतल्या मुलींमध्ये मोठं जागरण झालं होतं. मुली रात्ररात्र रडत, पापं कबूल करत, मोठ्यानं प्रार्थना करत. अशा भारलेल्या दिवसांनंतर लिहिलेल्या पुस्तकात नाट्य ओसंडून वाहायला हवं. तसं होत नाही. रमाबाई शांतपणे सांगतात की 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायला पुढे आठ वर्षं लागली. जिच्या बाप्तिस्म्यावरून पुण्यात आणि बाहेर एवढं रान उठलं होतं, तिनं तो बाप्तिस्मा अपुरा होता असं छापून सांगावं! विरोधक खूश होतील आणि मिशनरी नाराज, हे तिला कळत नव्हतं असं थोडंच आहे.

आणि मग लक्ष्मीबाई टिळक. ‘स्मृतिचित्रे’ 1934 ते 1936 या काळात भागाभागानं बाहेर आली, आणि मराठीतल्या सर्वोत्तम आत्मकथनांत तिचं स्थान वादातीत आहे. वाङ्मयाच्या वर्गात ती विनोदासाठी, सरळ भाषेसाठी, टिळकांच्या विक्षिप्तपणासाठी शिकवतात. साक्ष म्हणून ती फारशी कुणी वाचत नाही. नवरा ख्रिस्ती झाल्यावर पाच वर्षं वेगळी राहिलेली, सोवळ्याच्या कडक घरात वाढलेली, लेकरं गमावलेली ही बाई 1900 साली बाप्तिस्मा घेते, आणि पुस्तक पुढे चालूच राहतं. रुसवे चालू राहतात, पैशांची ओढाताण चालू राहते, देवावर भार टाकून टिळक घरातलं उचलून कुणालाही देऊन मोकळे होतात आणि लक्ष्मीबाई चिडतात. श्रद्धा आणि चिडचिड एकाच स्वयंपाकघरात नांदतात. माझ्या ओळखीच्या कितीतरी बायकांना ‘स्मृतिचित्रे’नं जो धीर दिला तो कुठल्याही बोधपर पत्रिकेनं दिलेला नाही, कारण तिच्यात बाप्तिस्म्यानंतरची पानं आहेत.

या परंपरेत एक मोठं भगदाड आहे आणि त्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. आतापर्यंत घेतलेली मराठी ख्रिस्ती नावं बहुतांशी उच्चवर्णीयांची आहेत. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगर जिल्ह्यात, जालन्याकडे, ज्यांनी गावंच्या गावं मिळून ख्रिस्ती धर्म स्वीकारला ते प्रामुख्यानं महार आणि मांग समाजातले लोक होते. आजची मराठी मंडळी मुख्यतः त्यांची आहे. त्यांच्या साक्षी मिशनच्या इंग्रजी अहवालांत तीन-चार ओळींत, दुसऱ्याच्या शब्दांत अडकून पडल्या. दलित आत्मकथनांनी 1978च्या ‘बलुतं’पासून मराठी साहित्य ढवळून काढलं, तरी दलित ख्रिस्ती माणसाला दोन्हीकडे जागा अपुरीच राहिली. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. त्यामुळे घरात येशूची तसबीर आणि दाखल्यावर दुसरा धर्म, ही ओढाताण कित्येक कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्या सोसली आहे. अशा माणसाला आपली साक्ष खऱ्या नावानं छापा म्हणणं म्हणजे काय मागणं असतं, हे लक्षात घ्यावं लागतं.

कॅथलिक परंपरेचा पिंड वेगळा. तिथे पापाची कबुली धर्मगुरूच्या कानात होते, चव्हाट्यावर नाही, आणि वसईच्या जुन्या ख्रिस्ती घरांत आजही चारचौघांत उठून आपलं दुखणं सांगणं थोडं उथळपणाचं मानतात. 1967 साली अमेरिकेत सुरू झालेल्या कॅरिस्मॅटिक चळवळीनं हे बदललं. केरळातल्या पोट्टासारख्या ठिकाणी साधनेला जाऊन आलेले वसईकर साक्ष द्यायला शिकून आले. तरी त्यांचा संकोच मला मोलाचा वाटतो. प्रत्येक दुःख माइकसमोर आणायचं नसतं, हे प्रोटेस्टंट मंडळ्यांनी त्यांच्याकडून शिकायला हरकत नाही.

पेंटेकोस्टल आणि स्वतंत्र मंडळ्यांत साक्ष हा उपासनेचा कणा आहे, आणि तिथेच तिचा सर्वांत जास्त गैरवापरही होतो. आजार गेला, गाडी आली, व्हिसा मिळाला. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या इतिहासकार केट बोलर यांनी समृद्धीच्या या शुभवर्तमानाचा इतिहास 2013 साली लिहिला. दोन वर्षांनी, पस्तिसाव्या वर्षी, त्यांना आतड्याचा चौथ्या टप्प्यातला कर्करोग निघाला. मग 2018च्या पुस्तकात त्यांनी सांगितलं की प्रत्येक गोष्टीला कारण असतं असं म्हणणाऱ्या शुभचिंतकांनी त्यांना किती एकटं पाडलं. आपल्याकडे तर प्रश्न नुसता एकटेपणाचा नाही. ‘प्रार्थना केली आणि इन्सुलिन बंद केलं’ अशी साक्ष ऐकून मागच्या बाकावरचा कुणी घरी जाऊन आपलंही इन्सुलिन बंद करतो. महाराष्ट्रात 2013 पासून चमत्काराच्या नावानं फसवणूक करणं हा कायद्यानं गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी हे थांबवणं मंडळीचंच काम होतं.

याउलट चर्चच्या भिंतींबाहेर गेलेली साक्ष मात्र पुष्कळदा अधिक शहाणी निघाली. 1935 साली अमेरिकेत ॲक्रन गावी बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन दारुड्यांनी एकमेकांना आपापली कथा सांगितली आणि त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस उभी राहिली. दोघंही ल्यूथरन पाळक फ्रँक बुकमन यांच्या ऑक्सफर्ड ग्रुपमधून आलेले. कबुली द्यायची आणि दुसऱ्याला सांगायचं हे त्यांनी तिथून उचललं. पण त्यांनी एक सुधारणा केली. तिथे कुणी ‘मी सुटलो’ असं म्हणत नाही. पंचवीस वर्षं दारूला न शिवलेला माणूसही स्वतःची ओळख अल्कोहोलिक अशीच करून देतो, आणि फक्त आजच्या दिवसाचं बोलतो. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात नव्यानं दाखल झालेल्या माणसापुढे जेव्हा त्याच वाटेनं गेलेला कार्यकर्ता बसतो, तेव्हा तिथे ख्रिस्ताचं नाव नसतं, पण पौलानं करिंथकरांना लिहिलेलं मला तिथे ऐकू येतं.

हे सगळं आत्ताच का, असं कुणी विचारेल. एक कारण असं की साक्ष आता मंडळीच्या चार भिंतींत राहिलेली नाही. ती मोबाइलवर दहा हजार अनोळखी लोकांपुढे जाते, आणि अनोळखी माणसांपुढे सुटकेचीच गोष्ट खपते. ज्यानं तुम्हाला दवाखान्याच्या रांगेत पाहिलेलं आहे त्याच्यापुढे खोटं बोलणं अवघड असतं. दुसरं कारण, मानसिक आजारांबद्दल शहरांतली मुलं आता मोकळी बोलू लागली आहेत, आणि मंडळी अजून ‘प्रार्थना वाढव’ इथेच अडकली आहे. तिसरं कारण सांगायला जड जातं. हल्ली कुणी साक्ष दिली की ती धर्मांतराचं आमिष ठरेल का, अशी भीती बोलणाऱ्याच्या मनात असते. भीतीनं माणसं गप्प बसतात, किंवा मग अधिकच गुळगुळीत बोलतात.

म्हणून या संग्रहाचे काही नियम केले. सांगणाऱ्यांची नावं, गावं बदलली आहेत. ज्यांना खरं नाव हवं होतं त्यांनाही, घरातल्या इतरांचा विचार करून, नकार दिला. औषध सोडून बरं झाल्याचा दावा असलेलं निवेदन घेतलं नाही, मग सांगणारी व्यक्ती कितीही प्रामाणिक असो. कुणालाही शेवट गोड करायला सांगितलं नाही. काहींनी स्वतःहून केला, तो तसाच ठेवला आहे. खरोखर सुटलेल्या माणसाला आनंदानं बोलायला बंदी कशी करणार? भाषा शक्य तितकी बोलणाऱ्याची ठेवली आहे: नगरी, वऱ्हाडी वळणाची, वसईच्या सामवेदी बोलीतून मराठीत आलेली. त्यामुळे काही वाक्यं वाचकाला दोनदा वाचावी लागतील. बायबलचे संदर्भ सांगणाऱ्यानं जसे आठवले तसे आहेत, चुकीचे ओव्या-अध्याय दुरुस्त केलेले नाहीत.

निवेदनांचा क्रम विषयवार लावलेला नाही. आजारपण एकीकडे, कर्ज एकीकडे, वैधव्य एकीकडे असं केलं असतं तर शोधायला सोपं झालं असतं, पण ज्या बाईचा नवरा गेला तिच्यावरच कर्ज होतं आणि तिलाच मधुमेह होता. तिला कुठल्या कप्प्यात घालायचं? तरीही ज्यांना आपल्यासारखंच कुणी शोधायचं आहे त्यांनी पहिली काही पानं सोडून कुठूनही उघडावं. सलग वाचायचं हे पुस्तक नाही, आणि एका बैठकीत तर मुळीच नाही; मुद्रितं तपासताना मलाही मध्ये मध्ये उठून जावं लागलं.

काही पाळकांना मसुदा वाचायला दिला होता. त्यांतल्या एकांचा आक्षेप असा की पाच-सहा निवेदनांत स्तुतीच नाही, मग त्यांना साक्ष कसं म्हणायचं. आक्षेप प्रामाणिक आहे, आणि त्यांच्याशी बोलूनही आमचं एकमत झालं नाही. ती निवेदनं ठेवली आहेत. दुसऱ्या एका पाळकांनी तीच निवेदनं निवडून गुड फ्रायडेच्या दिवशी मंडळीत वाचायची परवानगी मागितली.

त्रुटी बऱ्याच आहेत. पुरुष कमी आहेत. दारूबद्दल त्यांच्या बायका बोलल्या, ते स्वतः फारसे बोलले नाहीत. तिशीच्या आतले तर मोजकेच. काही बायकांनी तासन् तास बोलून शेवटी छापायला नको म्हटलं, आणि टिपणं त्यांच्या हवाली केली. आखाती देशांत आणि इस्रायलमध्ये रुग्णसेवेची कामं करणाऱ्या मराठी ख्रिस्ती बायकांपर्यंत पोचता आलं नाही. पुढच्या संग्रहासाठी निवेदनं टिपून घ्यायला सुरुवात झाली आहे. त्यात तुरुंगातून सुटून आलेली माणसं असतील, आणि मंडळी सोडून गेलेलीही असावीत, असा प्रयत्न आहे.